सिरिलच्या फ्रिजवरच्या दोन ओळी

सिरिल ब्लँचर्डने एकोणतीस वर्षं बर्फ केला आणि त्यापुढची पस्तीस वर्षं ऊब केली. ग्रिम्सबीच्या गोदीवर मासे उतरायचे, त्यांच्यावर घालायला बर्फ लागायचा, आणि तो बर्फ करणाऱ्या कारखान्यात तो पंधराव्या वर्षी लागला. कारखाना बंद पडल्यावर त्याने लोकांचे टाकून दिलेले फ्रिज गोळा केले आणि त्यांत सापांची अंडी उबवायला सुरुवात केली. हे त्याच्या तोंडावर कोणी कौतुकाने म्हटलं की तो अर्धा चहा टाकून उठतो. स्तुती त्याला सोसत नाही. म्हणून मी बोलत नाही, लिहिते.

मी लिनेट. शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढते, आणि गावाच्या कडेला भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यावर कोंबड्या पाळते. माझ्या आईनेही पाळल्या होत्या. अंडं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायचं कारण नाही, असं माझं ठाम मत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत.

साप माझ्याकडे आला तो भाच्यामुळे. रॉबिन समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला लागला, तीन-तीन आठवडे घराबाहेर. त्याची कॉर्न स्नेक जातीची नारिंगी मादी होती, कस्टर्ड नावाची, चार फूट लांब आणि स्वभावाने माझ्या बहिणीपेक्षा गरीब. थोडे दिवस ठेव म्हणाला. त्याच्या थोड्या दिवसांना आता सहा वर्षं झाली. पहिला महिना मी तिला चिमट्याने उंदीर द्यायचे ते भिंतीकडे तोंड करून. मग एकटीच्या घरात कोणीतरी संध्याकाळी पेटीतून डोकं काढून आपल्याकडे बघतं याची सवय झाली, आणि मी साप-सरडेवाल्यांच्या क्लबात जायला लागले. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, चर्चच्या मागच्या सभागृहात, चहा आणि बिस्किटं क्लबाची.

सिरिल तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. धिप्पाड माणूस, पण बर्फाने बोटं वाकडी केलेली आणि आता हात थरथरणारे. क्लबातल्या निम्म्या सापांचा जन्म त्याच्या फ्रिजांत झाला होता. दर वसंतात लोक त्याच्याकडे फ्रिज सांगून ठेवायचे. तो घरी येऊन बसवून द्यायचा, दोन महिन्यांनी घेऊन जायचा, आणि मोबदल्यात तळलेला मासा सोडून काही घ्यायचा नाही. सिरिलच्या फ्रिजमधलं अंडं वाया जात नाही, असं क्लबात बोललंच जायचं.

त्या वर्षी त्याचं घर सुटणार होतं. गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून नगरपालिकेने त्याला म्हाताऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावर खोली दिली. तिथे जनावर पाळायला बंदी. आपले सगळे साप त्याने एकेक करून वाटून टाकले होते. फक्त स्किपर उरला होता, एकोणीस वर्षांचा नर, सिरिलने चार पिढ्या निवडत-निवडत जपलेल्या वंशातला शेवटचा. कस्टर्डला पाहून सिरिल म्हणाला, की स्किपरला म्हातारपणी बायको मिळाली तर काय वाईट. एप्रिलमध्ये त्याने स्किपरला माझ्याकडे आठवडाभर राहायला पाठवलं. मे महिन्यात स्किपर मेला.

म्हणजे कस्टर्डच्या पोटात होतं तेवढंच त्या वंशाचं उरलं होतं. सिरिलने हे मला बोलून दाखवलं नाही. फक्त आठवड्यातून दोनदा फोन करून विचारायचा, की ती जेवते का, कात टाकली का, कोपरा शोधत फिरते का. आपल्या सुनेचीही कोणी इतकी चौकशी करत नाही.

आमच्या क्लबात रीत अशी आहे, की नर ज्याचा, पहिली निवड त्याची. पिल्लांनी पहिली कात टाकली आणि पहिला घास खाल्ला की सगळी पिल्लं सभेत आणायची, डबे टेबलावर ओळीने मांडायचे, आणि नराच्या मालकाने सगळ्यांसमोर एक उचलायचं. बाकीची मादीच्या मालकाची. नव्या खोलीत साप चालणार नाही हे ठाऊक असूनही सिरिल त्या निवडीची वाट बघत होता.

अंडी यायच्या दहा दिवस आधीच तो फ्रिज घेऊन आला. बंद पडलेल्या मासे-चिप्सच्या दुकानातला, काचेच्या दाराचा, कंबरेएवढा. रॉबिन आला की झोपतो त्या खोलीत तो ठेवला आणि मला चहाचं पाणी उकळायला पाठवलं. फ्रिजची थंडी करणारी यंत्रणा त्याने कधीच काढून टाकली होती. तळाशी गरम होणारी वायर नागमोडी अंथरली, तिच्यावर जाळी ठेवली, आणि जाळीवर पाण्याने भरलेल्या सहा बाटल्या आडव्या घातल्या, म्हणजे पाच मिनिटं वीज गेली तरी ऊब टिकते. तापमान सांभाळणाऱ्या यंत्राचं टोक त्याने मधोमध, अंड्यांचा डबा जिथे येणार तिथे बांधलं. वर एक, मध्ये एक, खाली एक असे तीन तापमापक लावले. एका तापमापकावर विश्वास ठेवतो तो बर्फवाला नव्हे, म्हणाला. मग रिकामा फ्रिज दोन दिवस चालवला आणि दोन्ही दिवस समोर खुर्ची टाकून बसला. वरचा अठ्ठावीस आणि खालचा तीस दाखवत होता, तेव्हा बाटल्या इकडच्या तिकडे करत राहिला. तिन्ही अठ्ठावीसवर आले तेव्हा कुठे त्याने जेवण मागितलं.

अंड्यांखाली घालायला बागवाल्यांकडे मिळणारा फुगवलेला अभ्रक. त्यात पाणी घालून कालवायचा आणि मूठभर घेऊन दाबायचा. एखादा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर जास्त. हे सिरिलने माझ्याकडून सात वेळा करून घेतलं. स्वतःचे हात थरथरतात म्हणून, पण तसं म्हणाला नाही. म्हणाला, तुझ्या हाताला पीठ मळायची सवय आहे.

जूनच्या एका दुपारी कस्टर्डने अकरा अंडी घातली. पांढरी, मऊ, चामड्याच्या पाकिटासारखी. सात सुटी होती आणि चार एकमेकांना घट्ट चिकटलेली. सिरिल टॅक्सी करून आला. आम्ही अंडी जशी पडली होती तशीच उचलून डब्यात, अभ्रकात अर्धी रोवून ठेवली. प्रत्येकावर त्याने मऊ पेन्सिलने वरच्या बाजूला फुली काढली. तेवढं काम मात्र त्याने माझ्यावर सोपवलं नाही. अकरा वाकड्या फुल्या काढायला त्याला अर्धा तास लागला. मग दर तीन दिवसांनी मिनिटभर दार उघडून वारा घालायला सांगितलं आणि घरी गेला, कारण त्याच आठवड्यात त्याचं सामान हलायचं होतं.

आता कोंबडीच्या अंड्यांचं असं असतं, की ती दिवसातून तीनदा उलटवावी लागतात. कोंबडी स्वतः उलटवते, आणि यंत्रात ठेवली तर आपण उलटवायची, नाही तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. उलटवलेलं कळावं म्हणून आम्हीही पेन्सिलने खूण करतो. सिरिलने फुल्या काढल्या तेव्हा मला वाटलं, चला, म्हातारा नीट कामाचा आहे. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. आणि सापवाल्यांत अंडं कोणी हलवतच नाही, त्यामुळे सांगायचं त्याच्या मनात आलं नाही. माशाला कोणी पोहायला बजावत नाही, तसं.

मी सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊला अंडी उलटवली. दुपारच्या खेपेसाठी शाळेतून बसने घरी यायचे आणि माझं स्वतःचं जेवण बसमध्ये खायचे. स्केगनेसला बहिणीचा साठावा वाढदिवस होता, तोही बुडवला. सात सुटी अंडी छान उलटायची. चौघांचा गठ्ठा मात्र उलटा बसेचना. फिरवला की कलंडून पुन्हा होता तसा व्हायचा. दोन दिवस मी त्याच्याशी झटापट केली, शेवटी म्हटलं मरा, आणि त्याचा नाद सोडला.

नवव्या दिवशी सिरिल आला. नव्या खोलीचे पडदे कसे आखूड आहेत ते सांगत-सांगत त्याने फ्रिज उघडला, डब्याचं झाकण काढलं आणि बोलायचा थांबला. सुट्या सातांपैकी एकावरही फुली दिसत नव्हती.

"लिनेट, यांना कोणी हात लावला?"

मी अभिमानाने सांगितलं, की दिवसातून तीनदा, एकही खेप चुकलेली नाही.

तो रॉबिनच्या पलंगावर बसला. मग हळूहळू त्याने सांगितलं, की सापाच्या अंड्यात पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरच्या बाजूला कवचाला धरतं आणि तिथेच वाढतं. अंडं उलटलं की ते स्वतःच्याच पाण्याखाली जातं. बुडतं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, डब्याकडे बघत होता. मी रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एप्रनने नाक पुसत.

"चूक माझी आहे, पोरी," तो म्हणाला. "तू कोंबड्यांची माणूस, हे मला माहीत होतं. सांगायला हवं होतं."

मग त्याने सातही अंडी फुली वर येईल अशी सावकाश फिरवली, झाकण लावलं आणि चहा मागितला. त्या दिवशी त्याने मला ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मी दोन दिवस चिडून राहिले असते आणि विसरले असते. त्याऐवजी तो चहा प्यायला, अंडं घातलेलं सँडविच खाल्लं, आणि जाताना म्हणाला की कस्टर्डला आता दोन उंदीर जास्त दे, बाळंतीण आहे.

पुढचे दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. सुट्या अंड्यांना एकामागून एक बुरशी आली. सिरिल यायचा, एखादं पिवळं पडलेलं अंडं काढून कागदात गुंडाळायचा आणि बाकीचं ठीक आहे म्हणायचा. सातही गेली. चौघांचा गठ्ठा तेवढा फुगत होता. अंधारात टॉर्च लावला की त्यांच्या आत तांबड्या शिरा दिसायच्या. त्या दिसल्या की मी सिरिलला फोन करायचे आणि तो म्हणायचा, "पाहिलंस ना? मग आता टॉर्च बंद कर, झोपू दे त्यांना."

ऑगस्टमध्ये एका सकाळी एका अंड्यावर ब्लेडने ओढावी तशी चीर दिसली आणि चिरेतून वाटाण्याएवढं नाक. दोन दिवसांत तीन पिल्लं बाहेर आली. चौथं आतच राहिलं. तीन, अकरातली. मी सिरिलला घेऊन आले. तो फ्रिजसमोर गुडघ्यांवर बसला, जे त्याला डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं, आणि त्याला उठवायला मला शेजाऱ्याला बोलवावं लागलं. काचेला नाक लावून तो एवढंच म्हणाला, "स्किपरचा जबडा आहे बघ."

सप्टेंबरच्या सभेत मी तीन डबे टेबलावर मांडले. नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण स्किपरचा वंश सगळ्यांना ठाऊक होता. मी सातदा तरी मनात ठरवलं होतं की काय झालं ते आधीच सांगून टाकायचं. पण इतकी माणसं बघून मी डबेच पुन्हा सरळ करत बसले. आणि तेवढ्यात ग्लेनने तोंड उघडलं.

ग्लेन हॉल्टबी मनाने वाईट नाही. पन्नाशीचा गडी आहे, मासळी बाजारात लिलाव पुकारतो, त्यामुळे त्याचं कुजबुजणंही रस्त्यापर्यंत ऐकू येतं. त्याने त्या वर्षी जर्मनीहून अंडी उबवायचं तयार यंत्र मागवलं होतं, आणि त्याची पंधराच्या पंधरा फुटली होती.

"अकरात तीन, म्हाताऱ्या? फ्रिजमध्ये अजून मासेच ठेवतोस की काय?"

लोक हसले. सिरिलही थोडा हसला. मग मागून एकाने विचारलं, की पुढच्या वसंतासाठी त्याने सिरिलला फ्रिज सांगितला होता, पण ते जर्मन यंत्र भाड्याने मिळेल का. आणखी एका बाईने तेच विचारलं, सिरिलची नजर चुकवत. ग्लेन म्हणाला, मिळेल की.

घर गेलं, साप गेले, स्किपर गेला. उरलं होतं ते एवढंच, की लोक त्याच्याकडे फ्रिज मागायला यायचे. तेही तिथे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि तो बिस्किट चहात बुडवत बसला होता. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान अगदी थोडी हलवली. गप्प राहा, अशी.

मी उभी राहिले.

"अंडी मी उलटवली," मी म्हणाले. "दिवसातून तीनदा, नऊ दिवस. कोंबडीची उलटवतात तशी. सात मी मारली. चार चिकटलेली होती, ती माझ्याने उलटवली गेली नाहीत, म्हणून ही तीन आहेत. फ्रिज अठ्ठावीसवरून एकदाही हलला नाही."

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग सिरिलने कप खाली ठेवला.

तो म्हणाला की लिनेटने सांगितलं, तर आता त्यालाही एक सांगायचं आहे. बर्फाच्या कारखान्यात सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे दार उघडं टाकणं. एकोणतीस वर्षं त्याच्या हाताला तेच वळण. पहिल्या वर्षी अंडी फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दाराला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि दोन महिने दार उघडलं नाही. अंड्यांना श्वास लागतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. चौदा होती. चौदाही गुदमरली.

"आणि मी सगळ्यांना सांगितलं की नर वांझ होता," सिरिल म्हणाला. "नर रॉनचा होता. तुझ्या बाबांचा, ग्लेन. ते वारले, पण त्यांना मी खरं सांगितलं नाही."

ग्लेनचा चेहरा मी आजही विसरले नाही. तो बोलला तेव्हा पहिल्यांदाच त्याचा आवाज दारापलीकडे गेला नसेल.

"तो नर बाबांनी मला दिला, सिरिल. त्याच वर्षी. पुढे माझ्याकडे त्याची चाळीसेक पिल्लं झाली." तो थांबला. "बाबांना माहीत होतं. तुझ्या घरी आले होते ना ते मधेच? दाराची पट्टी बघितली होती त्यांनी. मी म्हटलं, मग त्याला सांगा की. तर म्हणाले, त्याची नोकरी गेलीय, आता हेसुद्धा आपल्याकडून बिघडलं असं त्याला कशाला वाटू द्यायचं. नर वांझ म्हणतोय तर म्हणू दे, नराला थोडंच वाईट वाटतंय."

सिरिलने चष्मा काढला आणि शर्टाने बराच वेळ पुसला. तीस वर्षं तो रॉनला फसवल्याचं ओझं वाहत होता, आणि रॉनने मात्र ते पहिल्याच वर्षी त्याच्यावरून उतरवून ठेवलं होतं. मला तेव्हा उमगलं की माझ्या वाट्याला त्या दिवशी जो चहा आणि सँडविच आलं होतं, ते कुठून आलं होतं. नर वांझ म्हटल्यावरही रॉन त्याच्यावर रागावला नव्हता, तसाच सिरिल माझ्यावर रागावला नव्हता. रॉन हॉल्टबीला मी कधी पाहिलं नाही. पण त्याचेही आभार मानते.

मग कोणीतरी म्हणालं की निवड राहिली. सिरिल टेबलापाशी आला. तिन्ही डब्यांत त्याने इतका वेळ पाहिलं की चहाची दुसरी किटली झाली. शेवटी त्याने मधल्या डब्यावर बोट ठेवलं.

"ही माझी. नाव रॉन. राहणार लिनेटकडे."

ग्लेन म्हणाला की ती मादी आहे. सिरिल म्हणाला, असू दे.

त्याला आता पाच वर्षं झाली. दर रविवारी अकराच्या बसने सिरिल आपला साप बघायला येतो. मी बेकन तळते. तो डब्याचं झाकण काढून रॉनला हातावर घेतो, आणि ती हातावर असली की त्याचा हात थरथरत नाही, किंवा तिला फरक पडत नाही. फ्रिज सांगून ठेवणारे त्या वर्षी एकच परत आले. पुढच्या वर्षी बाकीचेही आले, कारण जर्मन यंत्र वीज गेली की थंड पडतं. आता फ्रिज बसवायला मी जाते. सिरिल टॅक्सीत बसून येतो आणि खुर्चीतून सूचना सोडतो. ग्लेन फ्रिज उचलायला मदत करतो आणि सगळ्या रस्त्याला ते कळतं.

त्या चिप्सच्या दुकानातल्या फ्रिजच्या काचेवर सिरिलने त्या सभेनंतर जाड पेनाने दोन ओळी लिहिल्या आहेत, अक्षर पार वाकडं. "दार उघडत जा." आणि खाली, "अंडी उलटवू नका." नवीन माणसं विचारतात, की तापमान लिहायचं सोडून हे काय. तेव्हा मी सांगते की पहिली ओळ त्याची आहे आणि दुसरी माझी.